दीड माणूस

१ फेब्रुवारी, रविवार

ही वही दुकानातली. सुरुवातीच्या पानांवर कोणाचं घड्याळ कधी आलं, काय बिघडलं होतं, कधी परत नेलं ते लिहिलेलं आहे. दुकान बंद करून वर्ष झालं आणि निम्मी वही कोरीच राहिली. ती कशाला वाया घालवा? शिवाय मला जे लिहायचंय ते बायकोला सांगता येत नाही, आणि पोरीला तर मुळीच नाही.

उद्या मला टेबल मिळणार. चौदा नंबर.

परदेशी कंपनी आपल्या गावात यावी म्हणून सरकारने काय नाही केलं? जागा दिली, तिथवर रस्ता केला, वीज ओढली, आम्हाला शिकवण्याचा खर्चही उचलला. बदल्यात एकच अट. ३१ मार्चला सरकारी माणूस येऊन मोजणार, आणि दोनशे माणसं कामावर भरली पाहिजेत. भरली तर शेजारी दुसरी शेड उभी राहणार आणि आणखी तीनशे जणांना काम मिळणार. नाही भरली तर मदत बंद. मग कंपनी कशाला थांबते इथे? गाशा गुंडाळेल.

पन्नाशी उलटलेल्याला कोणी दारात उभं करत नाही, म्हणून अशा प्रत्येकाला मोजणीत दीड माणूस धरायचं असं सरकारने ठरवलंय. मी चोपन्नचा. म्हणजे मी दीड. पॅकिंगच्या पोरींनी लगेच नाव ठेवलं, दीडकाका. ही म्हणाली, "दीडशहाणे तर तुम्ही आधीपासूनच होतात, आता सरकारी शिक्का बसला."

मी हसलो, पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. गेल्या थंडीपासून माझ्या उजव्या डोळ्यात काहीतरी झालंय. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसल्यासारखं होतं. आजूबाजूचं दिसतं, मधलं दिसत नाही. डाव्यालाही जवळचं बारीक दिसेनासं झालंय. खिडकीचे गज सरळ आहेत हे मला माहीत आहे, तरी मधला वाकडा दिसतो. तीस वर्षं ज्या डोळ्याला भिंग लावलं तोच नेमका.

कंपनीच्या डॉक्टरने सगळ्यांची नजर तपासली तेव्हा मी मुद्दाम रांगेत शेवटी उभा राहिलो. पुढचे तीस जण भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होते. माझी पाळी येईपर्यंत शेवटची ओळ पाठ झाली. डॉक्टर म्हणाला, "काका, नजर विशीतल्या पोराची आहे तुमची." मी मान खाली घातली. त्याला वाटलं, लाजलो.

पोरगी चार वर्षं शहरात राहून या कंपनीसाठी परत आली. ती पॅकिंगला आहे. घरात पुन्हा तीन ताटं वाढली जातात. माझ्यामुळे आकडा फसला आणि कंपनी गेली, तर ती पुन्हा जाणार. ते मला सोसायचं नाही.

३ फेब्रुवारी

काम सोपं आहे, म्हणजे डोळे असतील तर. काही तान्ह्या बाळांच्या डोक्यात पाणी साचतं. ते पोटात उतरवायला कातडीखालून एक नळी बसवतात आणि ती तिथेच राहते. ती नळी आम्ही बनवतो. शेवयीपेक्षा थोडी जाड, मऊ. टोकाला चार भोकं, सुईने टोचल्याएवढी. ती चारही उघडी हवीत. एखादं बुजलेलं असेल तर नळी तुंबते, आणि मग बाळाचं काय होतं ते शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत बसलो.

एका ट्रेमध्ये पंचवीस नळ्या. दिव्याच्या भिंगाखाली एकेक धरायची. चांगली हिरव्या बाजूला, वाईट लाल डब्यात, आणि बाद झालेलीच्या जागी दुसरी घेऊन पंचवीस पुऱ्या करायच्या. ट्रेवर आपला नंबर टाकायचा आणि भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे पॅकिंगला सरकवायचा. दिवसाला सहा ट्रे.

आमच्यावर देखरेख करायला खेळाच्या बाई आहेत. शाळेत पोरं उरली नाहीत म्हणून त्यांची नोकरी गेली, ती इथे लागली. गळ्यात शिट्टी नसली तरी आवाज तोच. "डोळ्यांत तेल घालून बघा!" म्हणतात. माझ्या डोळ्यांत डबाभर तेल घातलं तरी काय उजेड पडणार आहे?

७ फेब्रुवारी

बोटांनी काम चालवतोय. हातमोज्यातूनही कळतं. चीर असेल, कडा राहिली असेल, कुठे जाड-बारीक असेल, तर अंगठ्याखालून नळी ओढली की लगेच लागते. घड्याळाची केसासारखी स्प्रिंग मी अशीच ओळखायचो. शिवाय मान तिरकी करून डाव्या डोळ्याच्या कडेने बघतो. भोकं मात्र बोटाला लागत नाहीत. चार असतात हे गृहीत धरतो.

आज साहेब हिंडायला आला. परदेशी माणूस, उंच, त्याला आपली भाषा येत नाही, बाई त्याला समजावून सांगतात. भिंतीवरचा तक्ता बघून तो माझ्या टेबलाशी थांबला. चौदा नंबर सगळ्यात कमी नळ्या बाद करतो म्हणे. त्याने खूश होऊन मला अंगठा दाखवला. आपल्याकडे अंगठा दाखवला की माणूस समजायचं ते समजतो. मी घाबरून उभाच राहिलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.



१२ फेब्रुवारी

आज सकाळी चहा कपाबाहेर ओतला. पोरगी समोरच बसली होती. म्हणाली, "बाबा, कप दिसला नाही का?"

"लक्ष नव्हतं गं."

"कुठे होतं लक्ष?"

"तुझ्या लग्नात," मी म्हटलं. नेहमी या विषयावर ती उठून जाते. आज उठली नाही. फडक्याने टेबल पुसत माझ्याकडे बघत राहिली. चेहरा दिसला नाही मला, पण बघत होती हे कळलं.

डाव्या डोळ्याने रोज गज मोजतो. डाव्याला अजून सगळे सरळ आहेत. सरळच आहेत.

१७ फेब्रुवारी

पोरगी काल आणि आज दीड तास उशिरा आली. ओव्हरटाइम म्हणाली. डोळे लाल. हिने विचारलं, "रडलीस का?" तर म्हणाली, पॅकिंगच्या प्लॅस्टिकचा वास झोंबतो. इतरांच्या पोरी वेळेवर घरी येतात, त्यांना बरा झोंबत नाही!

२४ फेब्रुवारी

माझं भिंग सापडत नाही. डोळ्याला लावायचं जुनं, काळ्या कडेचं. कपाटाच्या खणात होतं. आता ते माझ्या काय कामाचं? तरी जीव चुटपुटतो. पोरीला विचारलं तर "बघते" म्हणाली आणि मान चोळत बसली. मान धरलीय म्हणे. सव्विसाव्या वर्षी मान धरते! शहरात राहून हाडं मऊ झाली.

जेवणाची सुट्टी झाली की ती बाकीच्या पोरींबरोबर बसत नाही. कुठे असते कोणास ठाऊक. ही म्हणते, "कोणीतरी असेल. वय झालंय तिचं." मीही तोच विचार करत होतो. असेल तर असू दे, पण चोरून कशाला? आज जेवताना सरळ विचारलं, "कोण आहे तो?"

ती आधी खळखळून हसली. मग हसता हसता रडायला लागली आणि उठून गेली. आता मात्र खात्रीच झाली. ज्याने तिला रडवलं तो माझ्या समोर येऊ दे एकदा.

५ मार्च

मधले दिवस काही विशेष नाही. म्हणजे रोज तेच. सकाळी फाटकातून आत जाताना वाटतं, आज कळणार. संध्याकाळी बाहेर पडताना वाटतं, उद्या कळणार. मधल्या वेळेत कोणी माझ्या मागून चालत गेलं तरी मी नळी भिंगाखाली धरून बघितल्याचं सोंग करतो. माझ्या नळ्यांबद्दल मात्र एकही तक्रार नाही. पॅकिंगमधून काही ना काही परत येतंच सगळ्यांचं, चौदा नंबरचं एकही नाही. म्हणजे बोटं अजून शाबूत आहेत. मी उगाच घाबरतोय.

१६ मार्च

महिन्याची जुळणी झाली. टेबलांवरून पास झालेल्या नळ्या आणि पॅकिंगमध्ये पाकिटात भरलेल्या नळ्या यांचा मेळ बसत नाही. रोज सात-आठ कमी. बाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. रबराची नळी चोरून कोण काय करणार? पण जग तऱ्हेवाईक आहे.

पोरगी घरी येताना डबा छातीशी धरून चालत होती.

२० मार्च

आज तोंडचं पाणी पळालं. साहेबाने जाहीर केलं की मोजणीच्या आधी हे प्रकरण निकालात निघालं पाहिजे. एक तर टेबलांवरची माणसं नीट बघत नाहीत, नाही तर कोणी नळ्या उचलतंय. म्हणून टेबलांवरच्या सगळ्यांची नजर पुन्हा तपासायची. या वेळी एकेकाला खोलीत बोलावून, नवा तक्ता लावून.

काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी पुढे झालो आणि बाईंना म्हटलं, "बाई, यात नजरेचा काय संबंध? आमच्याकडे मोजून येतात, मोजून जातात. मधे कोणीतरी हात मारतंय. सुटताना गेटवर पिशव्या आणि डबे उघडून बघा. आठ दिवसांत चोर सापडेल."

बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं! साहेबाला सांगायला त्या टाळाटाळ करत होत्या, पण त्याने "काय म्हणतोय तो?" असं हाताने विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. साहेबाला पटलं. नजर तपासणी रद्द. उद्यापासून गेटवर तपासणी.

सुटलो. कसा सुटलो माझं मला माहीत. घरी येऊन हिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पोरीने ताट अर्धवट टाकलं.

२६ मार्च

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहिणार आहे.

सुटल्यावर गेटवर रांग होती. रखवालदार एकेकाचा डबा उघडत होता. मी पुढे होतो, माझा रिकामा डबा बघून त्याने सोडलं. चार पावलं गेलो आणि मागे गलका झाला. बाईंचा आवाज आला, "अगं, हे काय आहे?"

वळून पाहिलं. माणसांचा घोळका दिसला, मधलं माणूस डाव्या डोळ्यालाही दिसेना. जवळ जाऊन मान तिरकी केली तेव्हा कळलं. आमची पोरगी. तिच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात तिसेक नळ्या होत्या, आणि माझं भिंग.

"कशासाठी घेतल्यास?" बाईंनी विचारलं. ती काही बोलली नाही. "अगं, काहीतरी सांग. साहेब येतोय." तरी नाही. साहेब आला, नळ्या पाहिल्या, दोन शब्द बोलला. बाईंनी तिचं ओळखपत्र काढून घेतलं.

कोणीतरी मागून म्हणालं, "दीडकाकांनीच सांगितलं होतं डबे बघा म्हणून." आणि कोणीतरी हसलं.

वाटेत तिचा दंड धरून मी ओरडलो. चोर म्हणालो तिला, भर रस्त्यात. ती खाली बघून चालत होती. माझी चप्पल दगडाला अडखळली तेव्हा तिनेच मला सावरलं.

२७ मार्च

आज सकाळी ती माझ्या खोलीत आली. हातात कापडी पिशवी. पलंगावर उलटी केली आणि म्हणाली, "बाबा, हात लावा."

मी हात लावला. नळ्याच नळ्या. ढीग.

"दोनशे एकवीस आहेत. सगळ्या तुमच्या नंबरच्या. कुठे एक भोक बुजलंय, कुठे दोन. एकीला तर एकही नाही."

ती सांगत होती. सोळा फेब्रुवारीला तिच्या हाताला माझा ट्रे आला. तिला सहज एक भोक बुजलेलं दिसलं, मग दुसरं, मग तिसरं. चहा सांडल्यापासून तिला संशय होताच. त्या दिवसापासून माझे सगळे ट्रे ती बाजूला ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत, सुटल्यावर, खिडकीशी बसून माझ्याच भिंगाने बघायची. वाईट नळ्या परत पाठवल्या असत्या तर माझा नंबर पुढे आला असता. तिथल्या कचऱ्यात टाकता येईनात, कारण कचराही मोजून जाळतात. म्हणून डब्यातून घरी.

"मग आत्ता तरी थांबायचंस! मी डबे तपासायला सांगितलं हे तुला माहीत होतं."

"चार दिवस थांबले. पॅकिंगमधल्या कपाटाच्या मागे लपवल्या. काल तिथे झाडलोट होती." मग म्हणाली, "वाईट नळी जाऊ कशी द्यायची, बाबा?"

दीड महिना मी समजत होतो की माझी बोटं काम करतायत.

मग मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "सोळा तारखेच्या आधीच्या?"

तिने हातातली नळी ढिगावर ठेवली. मी दोन तारखेला टेबलावर बसलो. दोन ते चौदा, रविवार सोडून बारा दिवस. बारा दिवसांचे बहात्तर ट्रे. अठराशे नळ्या. त्या कोणीही बघितल्या नाहीत. मीही नाही.

ही दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आत येऊन नळ्या गोळा करून पिशवीत भरायला लागली.

२८ मार्च

खेळाच्या बाईंच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. मला वाटलं त्या उडतील. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "काका, मला ठाऊक होतं. पहिल्या महिन्यातच. तुम्ही पेन परत देताना माझ्या हाताच्या बाजूला धरायचात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची पोरगी मागे बसून बघत होती ना. मी तिला ओव्हरटाइम लावून देत होते, तो काय उगाच? म्हटलं, ३१ तारखेपर्यंत निभावून नेऊ. तुम्ही साहेबासमोर तोंड उघडलंत, मग मला नाही म्हणायला जागाच उरली नाही."

मी म्हटलं, तिला परत घ्या, मला काढा. त्यांनी कागद ओढून आकडे मांडले. माणसं एकशे पंचाण्णव होती. त्यात आम्ही बारा म्हातारे, म्हणजे सहा वर. दोनशे एक. ती गेली, दोनशे उरले. नेमके दोनशे.

"ती परत आली आणि तुम्ही गेलात, तर किती होतात? करा हिशोब."

केला. एकशे नव्व्याण्णव आणि अर्धा.

"अर्ध्याने गाव बुडेल, काका. तीनशे पोरं वाट बघतायत. माझा भाऊ त्यात आहे, तुमचा पुतण्याही आहे. तुम्ही फक्त बसा. तुमच्यासमोर तपासलेलाच ट्रे ठेवायला लावते."

"आणि त्या अठराशे?"

त्यांना हे माहीत नव्हतं. रंग उडाला की काय ते मला दिसलं नाही, पण कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाल्या, "मोजणी होऊ दे. एकदा होऊ दे. मग मी स्वतः साहेबाला सांगते."

मी हो म्हणालो. भेकडासारखा हो म्हणालो.

३० मार्च

बाईंनी सांगितल्याप्रमाणे दिवसभर तपासलेल्या नळ्या तपासल्या. काढायच्या, धरायच्या, ठेवायच्या. शेजारच्या टेबलावरची पोरगी माझ्याशी बोलत नाही. चोराचा बाप ना मी.

सारखं तेच डोक्यात येतंय. ती खोकी आत्ता कुठे असतील? रस्त्यात, गोदामात, का कुठल्या दवाखान्याच्या कपाटात? एक दिवस उशीर म्हणजे किती नळ्या? मोजणी झाल्यावर दुसऱ्या शेडची पायाभरणी आहे, मग मंत्री येणार, मग आणखी काही असेल. सांगायची वेळ कधी येणार? मी बाईंना वाईट म्हणत नाही. त्यांना भावाची भीती आहे, मला पोरीची. प्रत्येकाकडे थांबायला एक कारण आहे आणि त्या बाळांना यातलं काही माहीत नाही.

भीती वाटते. लिहून टाकतो. गावाची वाटते, साहेबाची वाटते, तुरुंगाची वाटते. पोरगी कालपासून कपड्यांच्या घड्या घालतेय, त्याची सगळ्यात जास्त वाटते.

३१ मार्च

सरकारी अधिकारी म्हणजे कोणी दांडगा माणूस असेल असं वाटलं होतं. बारीक आवाजाचा, सर्दी झालेला माणूस निघाला. सारखं नाक पुसत होता. सोबत साहेब आणि बाई. तो प्रत्येकाजवळ थांबायचा, ओळखपत्र बघायचा, यादीवर खूण करायचा. मी खुणांचा आवाज मोजत होतो. तेरा नंबरची झाली.

माझ्यापाशी येऊन तो हसत म्हणाला, "हे दीड ना?"

सगळे हसले. मी उभा राहिलो.

"साहेब, खूण करू नका. मला दिसत नाही."

"म्हणजे?"

"डोळ्यांनी दिसत नाही. नळीची भोकं दिसत नाहीत. पहिल्या दिवसापासून दिसत नव्हती. नजर तपासणीत मी पाठ करून वाचलं."

बाई म्हणाल्या, "काका, बसा खाली." ओरडून नाही, विनवणी केल्यासारखं.

"मग तुम्ही इथे काय करता?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बसतो. मोजायला." मग मी बारा दिवसांचं सांगितलं. तारखा सांगितल्या, ट्रे सांगितले, आकडा सांगितला. माझ्या पोरीने चोरी केली नाही हेही सांगितलं, पण तोवर इतका गलका झाला होता की किती जणांना ऐकू गेलं कोणास ठाऊक. साहेब बाईंना पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी बाई बोलल्या. त्या काय म्हणाल्या मला कळलं नाही, पण त्यांनी काही लपवलं नाही, कारण साहेब माझ्या शेजारच्या स्टुलावर मटकन बसला.

अधिकारी म्हणाला, "लेखी द्याल?"

दिलं. माझी ओळ कागदाच्या बाहेर टेबलावर जात होती. त्याने मनगट धरून हात परत कागदावर आणला. तीन वेळा.

५ एप्रिल

फाइल वर पाठवली आहे म्हणे. दुसऱ्या शेडसाठी ठोकलेल्या खुंट्या अजून तिथेच आहेत, पण काम करणारी माणसं गेली. आहे ती शेड चालू आहे, पण किती दिवस ते कोणी सांगत नाही. बाईंचं काय होणार माहीत नाही.

पुतण्या दारावरून गेला, आत आला नाही. न्हाव्याने केस कापले, पण एक शब्द बोलला नाही. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. ही विहिरीवर जायची ती आता दुपारी जाते, कोणी नसताना. सांगत नाही, पण मला कळतं. एकाने बाजारात मोठ्याने म्हटलं, "अर्ध्या माणसाने गाव खाल्लं." मी त्या आवाजाच्या दिशेने मान वळवली, पण कोण होतं ते दिसलं नाही.

पोरगी उद्या मला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. बॅग तिने स्वतःचीही भरली आहे. मी काही विचारलं नाही.

१२ एप्रिल

उजवा गेला. डाव्यात सुई देऊन जे आहे ते टिकवायचं बघू, डॉक्टर म्हणाला. चार महिने आधी आला असता तर, असंही म्हणाला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आम्ही पोरीच्या मैत्रिणीच्या खोलीत उतरलोय. पोरीला इथे जुन्याच ठिकाणी काम मिळालं. ती राहणार, मी परवा जाणार.

आज कंपनीचं पत्र आलं. घरच्या पत्त्यावर आलं होतं, हिने शहरात येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवलं. पोरीने वाचून दाखवलं. अठराशेपैकी एक हजार सातशे एकोणसाठ गोदामांतून आणि दवाखान्यांतून परत मिळाल्या. त्यांत शहाण्णव वाईट निघाल्या.

"उरल्या एकेचाळीस," मी म्हटलं.

"त्या बसवल्या आहेत."

खोलीत पंखा चालू होता. मी तिला पंखा बंद करायला सांगितलं. तिने केला.

"त्यातल्या अडतीस बाळांना बोलावून तपासलं. पाच जणांच्या नळ्या बदलल्या. पाचही बरी आहेत, बाबा. लिहिलंय तसं." तिने माझा हात धरला. "तुम्ही सांगितलं नसतं तर..."

"आणि तीन?"

"त्यांचा पत्ता लागत नाहीये. घरं सोडून दुसरीकडे गेलेत. शोधतायत."

"नावं आहेत?"

"नावं नाहीत. नळी बसवली ती तारीख आहे, आणि तेव्हाचं वय."

"वाच."

"कशाला, बाबा?"

"वाच."

तिने वाचलं. सव्वीस फेब्रुवारी, दोन महिन्यांचं. एक मार्च, सोळा दिवसांचं. तीन मार्च, नऊ दिवसांचं.

मग तिने पत्राची घडी घातली. मी मनात हिशोब करत होतो. तीन मार्चला नऊ दिवसांचं, म्हणजे आज ते एकोणपन्नास दिवसांचं असायला हवं.